पिवळ्या ठिपक्याचा क्लच

४ मार्च

दादा,

पत्राची सुरुवात प्रेमानं करायची पद्धत आहे. ती पुढच्या वेळी पाळीन.

गेल्या आठवड्यात तुला सहा फोन केले. दोन तू उचलले नाहीस. दोन वहिनीनं उचलले आणि "ते गाडीखाली आहेत" म्हणून ठेवले. उरलेले दोन तू स्वतः घेतलेस आणि "हॅलो, हॅलो, आवाज तुटतोय" म्हणालास. 'क्लच' म्हटलं की तुझ्याकडचा आवाज तुटतो. 'मामीचे गुडघे कसे आहेत' म्हटलं की लख्ख जोडला जातो. व्हिडिओ पाठवला, तर उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं. कागदाचा आवाज तुटत नाही, म्हणून हे पत्र.

तीन आठवड्यांपूर्वी तू माझ्या गाडीला नवा क्लच बसवलास. "बाहेर कशाला देतेस, मामेभावाचं गॅरेज असताना?" असं म्हणून मला तीन तास गाडी चालवत बोलावलंस. त्या दिवसापासून गाडी पहिल्या गिअरला हिसके मारते. थंड असते तेव्हा बरी वागते. तास-दोन तास चालली की क्लच सोडताना थरथरते, मग एकदम उडी मारते आणि बंद पडते. ही काही माझी फिरायला जायची गाडी नाही. बावीस वर्षं मी एका गाडीची ड्रायव्हिंग स्कूल चालवते आहे. ही गाडी म्हणजे माझा वर्ग, माझा फळा आणि माझं दुकान. फळाच हलायला लागला तर मी शिकवू काय?

सध्या माझ्याकडे एक लॉन्ड्रीवाली शिकते. हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत एकवीस वर्षं इस्त्रीच्या यंत्रापाशी उभी आहे. दुपारपर्यंत तिचे पाय इतके सुजतात, की माझ्या गाडीत बसताना ती आधी चपलेचे पट्टे सैल करते. त्यांच्या व्हॅनचा ड्रायव्हर निवृत्त होतोय. मालकानं तिला सांगितलंय, एकतीस मार्चपर्यंत लायसन्स आण, व्हॅन तुझी; नाही आणलंस तर माझ्या पुतण्याची. बसून करायचं काम आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर आलंय. चौदा तारखेला तिची परीक्षा आहे.

आणि तिचा डावा पाय! दादा, असा पाय मी बावीस वर्षांत पाहिला नाही. चढावर गाडी उचलायला सांगितली की हमखास बंद पाडते. परवा मला म्हणते, "मॅडम, हा क्लच सकाळी एका जागी पकडतो आणि दुपारी दुसऱ्याच." मी म्हटलं, "बाई, क्लच जागच्या जागी आहे. तुमचा पाय फिरतोय." सगळे हसले. मागे आणखी दोन शिकाऊ बसले होते.

तरीपण काहीतरी बिघडलंय हे नक्की. कधी आणू गाडी, ते कळव. चौदाच्या आत.

तुझी,
चिमी

८ मार्च

चिमे,

पत्र वाचून फार बरं वाटलं. किती दिवसांनी तुझं अक्षर पाहिलं! अजून तसंच, प्रत्येक अक्षर कुणावर तरी डोळे वटारून बघतंय. आईला वाचून दाखवलं. (क्लचचा भाग सोडून. तिला उगाच काळजी.) गुडघे बरे आहेत, तुला आशीर्वाद सांगितलेत.

आता कामाचं. अगं, तुझ्या पत्रातच तुझं उत्तर आहे. तूच लिहिलंस, असा डावा पाय बावीस वर्षांत पाहिला नाही. मग क्लच काय करणार? शिकाऊ माणसाच्या पायाखाली लोखंड टिकत नाही, तिथे क्लच प्लेट म्हणजे काय, शेवटी अस्तर लावलेली चकती. अर्धवट दाबून धरतात, जाळतात, मग म्हणतात गॅरेजवाल्यानं फसवलं. माझ्याकडे रोज दहा येतात असले.

तुला गाडी कुणी शिकवली? मी. अठरा वर्षांची होतीस. रडत होतीस, आठवतं? आणि मी काय ओरडत होतो? "पाय! डावा पाय!" तेव्हा काय क्लच खराब होता? नव्हता. तुझा पाय खराब होता. मी ओरडलो म्हणून आज तू चार लोकांना शिकवतेस. त्या बाईला चांगली रागव, चार-पाच दिवसांत सुधारेल.

चौदाच्या आत मात्र जमणार नाही. दोन इंजिनं उघडी पडली आहेत आणि एक ट्रकवाला छातीवर बसलाय. परीक्षा होऊन जाऊ दे, मग निवांत ये. दोन दिवस राहायलाच ये. आणि हे बघ, घरचं काम म्हणून मी मजुरीचा एक पैसा घेतला नाही. हे आठवण करून द्यावं लागतं, याचं वाईट वाटतं.

वहिनी विचारते, तुझं ते पांढऱ्या फुलांचं रोप जगलं का?

दादा

१५ मार्च

दादा,

रोप मेलं. वहिनीला सांग.

काल लॉन्ड्रीवालीची परीक्षा झाली. तुझं ऐकून मी तिला पाच दिवस चांगली रागावले. रोज दुपारी सुट्टीत ती यायची आणि मी तिला मोकळ्या मैदानात तासभर फक्त क्लच दाबायला आणि सोडायला लावायची. दाबा, सोडा. दाबा, सोडा. सुजलेल्या पायानं. एकदा सुद्धा तोंड वर करून बोलली नाही. मला वाटलं, सुधारतेय.

परीक्षेला नंबर लागेपर्यंत दुपारचा एक वाजला. तोवर गाडी उन्हात होती आणि आधीच्या तीन जणांनी ती फिरवून तापवली होती. परीक्षक बाजूला बसला, मी नियमाप्रमाणे मागे. वळण सुरेख घेतलं तिनं. मागे घेऊन लावली, दोन्ही बाजूंना सारखी जागा. मग चढ. तिनं थांबवली, हँडब्रेक लावला, पहिला टाकला, क्लच सोडत आणला. कसा सोडत आणला, दादा! मी स्वतः असाच सोडते. गाडी थरथरली, पकडलंच नाही, पकडलंच नाही, आणि मग एकदम पकडून बंद पडली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा गाडी मागे सरकली. परीक्षकानं ब्रेक दाबला आणि कागदावर लिहिलं: 'क्लचवर नियंत्रण नाही.'

ती उतरली. मला म्हणाली, "मॅडम, माझ्यामुळे तुमचं नाव खराब झालं." आणि चालत गेली. बससाठी सुद्धा थांबली नाही.

परीक्षक म्हणाला, गाडी हलवा, पुढचा उभा आहे. मी पुढे बसले. त्याच चढावर, तीच गाडी, बावीस वर्षांचा माझा पाय. बंद पडली, दादा. माझ्या पायाखाली. मागे रांगेत उभे असलेले दोन पोरगेले शिकाऊ हसले. दुसऱ्यांदा मागे सरकली. मी क्लच सोडत होते आणि पेडल जिथे पकडायला हवं तिथे नुसती हवा होती. पाच बोटं वर आल्यावर पकडलं. सकाळी दोन बोटांवर पकडत होता!

सकाळी एका जागी, दुपारी दुसऱ्या. हे तिनं मला आधीच सांगितलं होतं. चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईला जे पायाला कळलं ते मला कळलं नाही, कारण माझे कान तुझ्या शाळेत तयार झालेत. गाडी बंद पडली की ओरडायचं कुणावर, हे मी तुझ्याकडूनच शिकले. खाली जो बसला असेल त्याच्यावर.

आता गोड बोलू नकोस. काय बसवलंस ते सांग.

चिमी

१८ मार्च

चिमे,

इतकं टाकून बोललीस. पत्र वहिनीनं आधी वाचलं, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. असो. रागाच्या भरात माणूस बोलतो, मी मनाला लावून घेत नाही.

हे बघ, नवा क्लच बसायला वेळ घेतो. नव्या चपलेसारखा. चपला चावतात म्हणून कुणी चांभाराला असं लिहितं का? हजार किलोमीटर होऊ देत, मखमलीसारखा होईल. उन्हाळ्यात तर थोडं मागेपुढे होतंच. लोखंड आहे, फुगतं.

एकच विनंती. तिथल्या कुठल्या मेकॅनिककडे उघडायला देऊ नकोस. एकदा दुसऱ्यानं उघडला की माझी जबाबदारी संपली, हा धंद्यातला नियम आहे, मी काही वेगळं सांगत नाही. शिवाय तो काय बोलेल? दुसऱ्यानं बसवलेलं काम कुठल्याही मेकॅनिकला कधी चांगलं दिसलंय? सतरा नावं ठेवेल. ती नावं कुणाला लागतील? आपल्याच घराला. गॅरेजच्या पाटीवर माझ्या बापाचं, तुझ्या मामाचं नाव आहे.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी स्वतः येतो. बरोबर सगळं सामान आणतो. त्या बाईला म्हणावं, लायसन्स काय पळून जात नाही. या वर्षी नाही तर पुढच्या वर्षी.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तूही फोनवर बोललीस तर सांगू नकोस. तिचं बीपी.

दादा

२१ मार्च

दादा,

उघडला.

माझ्या गल्लीच्या टोकाला एक मेकॅनिक आहे, त्याला सगळे रेडिओ म्हणतात. सकाळी शटर वर गेलं की सुरू होतो, शटर खाली आलं की बंद. काल त्यानं माझा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा जावयाबद्दल बोलत होता. प्लेट हातात घेतली आणि रेडिओ थांबला. दादा, अख्खी गल्ली वळून बघायला लागली, काय झालं म्हणून.

मग त्यानं मला जवळ बोलावून दाखवलं. प्लेट नवी नाही. जुन्या चकतीवर नवं अस्तर ठोकून वर काळा रंग मारलाय. तीन रिव्हेट ढिले, अस्तर एका बाजूनं सुटलेलं. तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची दोन बोटं वाकलेली. "तापलं की हे फुलणार, फुललं की पकडायची जागा बदलणार," म्हणाला. "मॅडम, यात पाय कुणाचाही घाला."

एवढं असतं तरी मी म्हटलं असतं, दुकानदारानं दादाला फसवलं. दादा भोळा नाही, पण घाईत असतो. मग रेडिओनं प्लेट पालथी केली आणि विचारलं, "हा पिवळा ठिपका कसला?"

मी तिथे त्याच्या टायरवर बसले.

शाळेच्या सगळ्या सुट्ट्या मी मामाच्या गॅरेजमध्ये काढल्या. मामाचा एक नियम होता. ज्या सामानाबद्दल मनात शंका आली, ते परत जाईपर्यंत किंवा मोडीत जाईपर्यंत त्याला पिवळा ठिपका. पिवळा ठिपका लागला, की ते कुठल्याही गाडीत बसणार नाही. मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. तो रंगाचा डबा आणि काडी माझ्याकडे असायची. मी लावायची ते ठिपके! जगात हा ठिपका कशाचा ते सांगू शकतील अशी आज दोनच माणसं आहेत. एक मी आणि दुसरा तू.

तू ती प्लेट ओळखलीस, तिला ठिपका लावलास आणि मग माझ्या गाडीत बसवलीस. या क्रमानं. लोखंड फुगतं म्हणून लिहिलंस ते हे माहीत असताना. रागव तिला म्हणून लिहिलंस ते हे माहीत असताना. आणि मी रागावले.

आता नीट वाच. काल मी परीक्षा कचेरीत गेले. प्लेट पिशवीत घेऊनच गेले. तिथल्या कारकुनानं ती बोटानं दूर सरकवली, पण नियम सांगितला. परीक्षेच्या वेळी गाडीतच दोष होता असं लेखी सिद्ध झालं, तर निकाल रद्द होतो आणि चार दिवसांत फेरपरीक्षा मिळते. रेडिओचं पत्र चालणार नाही. "उघडताना त्यानंच मोडला नसेल कशावरून? ज्यानं बसवला त्याचं आणा." म्हणजे तुझं. गॅरेजच्या कागदावर, सही आणि शिक्क्यानिशी: क्लच मी बसवला, तो सदोष होता, चालकाची चूक नाही.

तीन ओळी. उलट टपाली, कुरिअरनं. तिच्याकडे दहा दिवस आहेत.

चिमी

२४ मार्च

चिमे,

तुझं पत्र आलं तेव्हा गॅरेजमध्ये गिऱ्हाईक होतं. खिशात घालून गच्चीवर गेलो आणि वाचलं.

खोटं बोलून आता उपयोग नाही. त्या प्लेटा जानेवारीत घेतल्या, डझनभर. स्वस्त मिळाल्या, खोक्यावर नव्या म्हणून लिहिलं होतं. दोन बसवल्या आणि दोन्ही गाड्या आठवड्यात परत आल्या. तेव्हा उरलेल्या सगळ्यांना ठिपका लावला. विकणारा फोन उचलत नाही. (हस, हस. मला माहीत आहे तू हसशील.)

मग तू आलीस. त्या दिवशी तुझ्या गाडीची चांगली प्लेट दुकानात होती, खोटं नाही सांगत. पण ती एका वकिलाच्या गाडीसाठी ठेवली होती. वकील माणूस, काही बिघडलं तर नोटीस पाठवेल. तू काय, घरची. हातात ती ठिपक्याची घेतली आणि वाटलं, हिच्या गाडीला चालून जाईल. नाही चालली तर चिमी चार शब्द बोलेल, पुन्हा येईल, तेव्हा बदलून देऊ. परक्याला चांगलं द्यावं लागतं गं. आपलं माणूस सांभाळून घेतं. सगळे असंच करतात. तू कधी केलं नाहीस का?

ती बाई मध्ये येईल हे मला कुठे माहीत होतं?

दाखला सोबत जोडला आहे. जरा विचार करून लिहिलाय. गॅरेजमध्ये चार माणसं कामाला आहेत, त्यांचं पण बघावं लागतं. समजून घे.

दादा

(सोबत)
'दाखला. सदर वाहनास आमचेकडून बसविण्यात आलेल्या क्लचमध्ये उत्पादनविषयक काही किरकोळ दोष असण्याची शक्यता पूर्णतः नाकारता येत नाही. तथापि क्लचचे आयुष्य हे चालकाच्या सवयींवरही अवलंबून असते, हे येथे नमूद करणे आवश्यक वाटते. कळावे.'

२६ मार्च

दादा,

तुझा दाखला परत पाठवते आहे. लाल पेननं दुरुस्त केलाय, जशा मी शिकाऊंच्या उत्तरपत्रिका तपासते. 'किरकोळ' खोडलाय. 'शक्यता' खोडलीय. 'पूर्णतः नाकारता येत नाही' या चार शब्दांत तू नाकारतोयस की कबूल करतोयस, हे कारकुनानं मला विचारलं. मी म्हटलं, तो माझा भाऊ आहे, मला पण माहीत नाही. 'चालकाच्या सवयी' ही ओळ वाचून तो म्हणाला, "मॅडम, हा तर तिच्याच विरुद्ध पुरावा झाला." आणि फाइलला लावायला निघाला! मी त्याच्या हातातून हिसकावून घेतला. पन्नाशीच्या बाईनं सरकारी टेबलावरून कागद हिसकावला, दादा. तुझ्यामुळे.

दोन दिवस गेले यात. पाच दिवस उरले.

तू विचारलंस, तू कधी केलं नाहीस का? केलं. त्याचंच मला झोंबतंय. मागच्या सीटवर एका बँकेतल्या साहेबाची मुलगी बसायची. तिनं गाडी बंद पाडली की मी म्हणायची, "असू दे, क्लच जरा नवीन आहे." लॉन्ड्रीवालीनं बंद पाडली की "तुमचा पाय फिरतोय." एकच गाडी, एकच दुपार. जी उलट बोलणार नाही तिच्या पायावर मी माझी गाडी ढकलली. तू माझ्यावर ढकललीस, मी तिच्यावर. तिच्या खाली कुणी नव्हतं, म्हणून ती चालत घरी गेली.

तेव्हा मी तुझ्याहून बरी आहे म्हणून हे लिहीत नाही. सही कर म्हणून लिहिते आहे. कामाला चार माणसं आहेत म्हणतोस. मग त्यांना तरी कळू दे, मालक ठिपका लावतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो.

आणि आणखी एक. मामीला मी सगळं सांगितलं. बीपी व्यवस्थित आहे. म्हणाली, "पेन उचल म्हणावं त्याला, नाहीतर मी जाऊन हातात देते."

चिमी

२९ मार्च

चिमे,

दाखला जोडला आहे. आईनं समोर बसून लिहून घेतला.

दादा

(सोबत)
'या गाडीचा क्लच मी स्वतः बसवला. तो जुना, दुरुस्त केलेला आणि सदोष होता. बसवताना मला हे माहीत होतं. या क्लचवर चढावर गाडी उचलणं कुणालाही शक्य नव्हतं. चालकाची काहीही चूक नाही.'

५ एप्रिल

दादा,

'बसवताना मला हे माहीत होतं' हे वाक्य मी मागितलं नव्हतं. ते तू स्वतःहून घातलंस की मामीनं, ते विचारत नाही. वाचलं तेव्हा बरं वाटलं, एवढं सांगते.

पुढचं ऐक.

कागद एकतीसला दुपारी बाराला मिळाला. साडेबाराला मी कचेरीत होते. कारकुनानं दोनदा वाचला, आत गेला, बाहेर आला आणि शिक्का मारला. निकाल रद्द. फेरपरीक्षा तीन एप्रिलला. मी म्हटलं, आज घ्या. तो म्हणाला, "आज रजिस्टर भरलंय." मी म्हटलं, उद्या. तो म्हणाला, "उद्या सुट्टी." मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुझ्याकडून आलेला पहिलाच कागद नीट असता, तर परीक्षा एकोणतीसला झाली असती.

तिथून लॉन्ड्रीत गेले. पहिल्यांदाच आत गेले, दादा. दीड महिना ही बाई माझ्याकडे शिकते आणि ती कुठे उभी असते हे मी पाहिलं नव्हतं. वाफ इतकी, की चष्मा काढावा लागला. ओल्या चादरींचे ढीग, दोन मोठे गरम रूळ, एका बाजूनं ती चादर घालते, दुसऱ्या बाजूनं दुसरी बाई ओढते. जमीन ओली म्हणून पायाखाली लाकडी फळी. त्या फळीवर, जिथे ती उभी राहते तिथे, दोन टाचांचे खड्डे पडलेत. खरेच खड्डे, बोट जाईल एवढे.

मालक चांगला माणूस आहे, हेच वाईट. दाखला वाचला, खरेदी-विक्री करणाऱ्या माणसासारखा उलटून पाहिला आणि म्हणाला, "मॅडम, माझा विश्वास आहे. पण तारीख दिली होती. हॉस्पिटलच्या चादरी थांबत नाहीत." मी म्हटलं, तीन दिवस. तो म्हणाला, "पुतण्या सकाळीच किल्ली घेऊन गेला."

तिनं हे यंत्राच्या आवाजात ऐकलं की नाही, मला कळलं नाही. चादर घालत राहिली. मी जवळ गेले आणि सगळं सांगितलं. तुझं, ठिपक्याचं, वकिलाचं, बँकेतल्या साहेबाच्या मुलीचं. मी चुकले म्हणाले. तिनं आणखी तीन चादरी रुळात घातल्या. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवता चांगलं. ऐकत मात्र नाही."

तीन तारखेला ती परीक्षेला आली. मला वाटलं नव्हतं येईल. रेडिओनं खरा नवा क्लच बसवला होता. दुपारी दीड वाजता, तापलेल्या गाडीत, तिनं त्याच चढावर थांबवली आणि उचलली. गाडी एक बोटभर सुद्धा मागे आली नाही. परीक्षक तोच होता. त्यानं तिला पुन्हा थांबवून पुन्हा उचलायला लावलं, तिनं पुन्हा उचलली. लायसन्स मिळालं. व्हॅन नाही. ती आजही त्याच फळीवर उभी आहे.

तू कालच्या फोनवर विचारलंस, "आता राग गेला ना?" (आवाज छान येत होता.) नाही गेला. जाईल तेव्हा कळवीन. तोवर त्या उरलेल्या नऊ प्लेटा मामीसमोर कापून घे.

आता मुख्य गोष्ट. तिला मी विचारलं, मी तुमच्यासाठी काय करू? मला वाटलं, दुसरी नोकरी बघा म्हणेल. त्याचं मी बघतेच आहे, एका बेकरीवाल्याशी बोलले आहे. ती म्हणाली, "तुमच्या भावाला बघायचंय." मी म्हटलं, भांडायला? म्हणाली, "नाही हो. ज्या माणसानं माझं ठरवलं, तो कसा दिसतो ते बघायचंय. त्यानंही मला बघावं."

येत्या रविवारी आम्ही निघतोय. सकाळी सहाला. तीन तास ती चालवणार, मी बाजूला. माझ्या बाजूच्या पेडलवर पाय ठेवणार नाही आणि तोंड उघडणार नाही, असं तिला वचन दिलंय. नऊच्या सुमारास पोचू. गाडीखाली जाऊन बसू नकोस.

चिमी